शाळेतल्या जेवणाचे ४० सेंट राज्य भरतं, मग फॉर्म कशाला भरायचा?

अनघा_जे

अमेरिकेत दर ऑगस्टला शाळेकडून जेवणाच्या सवलतीचा फॉर्म येतो आणि आपल्याकडची बरीच घरं तो न उघडताच बाजूला ठेवतात. कुणाला वाटतं, आपण त्यात कुठले बसणार. कुणाला वाटतं, आमच्या राज्यात आता रिड्यूस्डवाल्यांचंही, म्हणजे सवलतीच्या दरात जेवणाऱ्यांचंही, जेवण फुकट झालंय, मग कागद कशाला. दोन्ही समजुतींत पैसे जातात, घरचे किंवा शाळेचे. पीएचडी आणि पोस्टडॉक करणारी, किंवा एच-४ (नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) मुळे एकाच पगारावर चालणारी कुटुंबं बऱ्याचदा नेमकी या मधल्या पट्ट्यात येतात. म्हणून सगळी माहिती एका धाग्यात असावी.

आधी पाया. राष्ट्रीय शालेय भोजनाचा कायदा १९४६ चा. त्यात मुलांचे तीन गट पडतात: फ्री (मोफत), रिड्यूस्ड (सवलतीत) आणि पेड (पूर्ण किंमत). घराचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर फ्री, १३० ते १८५ टक्के असेल तर रिड्यूस्ड, त्यावर पेड. २०२५-२६ या शालेय वर्षासाठी वार्षिक मर्यादा अशा (अलास्का आणि हवाई सोडून):

२ माणसं: फ्री २७,४९५ डॉलरपर्यंत, रिड्यूस्ड ३९,१२८ पर्यंत
३ माणसं: फ्री ३४,६४५, रिड्यूस्ड ४९,३०३
४ माणसं: फ्री ४१,७९५, रिड्यूस्ड ५९,४७८
पुढे दर माणशी रिड्यूस्डच्या मर्यादेत १०,१७५ वाढवा.

रिड्यूस्ड मुलाकडून शाळा दुपारच्या जेवणाचे जास्तीत जास्त ४० सेंट आणि नाश्त्याचे ३० सेंट घेऊ शकते. ४० सेंटची ही कमाल मर्यादा १९८१ पासून तीच आहे. शाळेचे १८० दिवस धरले तर जेवणाचे ७२ आणि नाश्त्याचे ५४, म्हणजे एका मुलामागे वर्षाला १२६ डॉलर.

आता शाळेला केंद्राकडून काय मिळतं ते बघा. २०२५-२६ चा दुपारच्या जेवणाचा मूळ परतावा: फ्री ४.६०, रिड्यूस्ड ४.२०, पेड ०.४४ डॉलर. फ्री आणि रिड्यूस्डमधला फरक बरोबर ४० सेंट. राज्य जेव्हा "रिड्यूस्डचा वाटा आम्ही भरू" म्हणतं, तेव्हा ते हे ४० सेंट आणि नाश्त्याचे ३० सेंट भरत असतं. बाकीचे ४.२० केंद्राचेच असतात, आणि ते केंद्राकडून यायला मूल कागदोपत्री रिड्यूस्ड असावं लागतं. मूल तिथे सहसा फॉर्मनेच पोचतं. फॉर्म नाही तर मूल पेड, आणि पेड मुलाला या राज्यांत पूर्ण किंमत पडते.

राज्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

एक, सगळ्यांना मोफत: कॅलिफोर्निया आणि मेन (२०२२-२३ पासून), नंतर कोलोरॅडो, मिनेसोटा, न्यू मेक्सिको, व्हरमाँट, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, आणि २०२५-२६ पासून न्यूयॉर्क.

दोन, रिड्यूस्डचा वाटा राज्य भरतं किंवा मर्यादा वर नेतं. पेनसिल्व्हेनियात २०२३-२४ पासून रिड्यूस्ड मुलांचं दुपारचं जेवण मोफत, नाश्ता तर सगळ्यांनाच मोफत. न्यू जर्सीत २०२४-२५ पासून मर्यादा दारिद्र्यरेषेच्या २२४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे चार माणसांच्या घराला साधारण ७२,००० डॉलर. ओरेगनमध्ये २०१९ च्या कायद्याने ती ३०० टक्क्यांपर्यंत गेली.

तीन, राज्य काहीच भरत नाही आणि मूल ४० सेंट देतं.

आपलं राज्य कुठल्या प्रकारात येतं ते डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) फूड सर्व्हिसच्या पानावर एका ओळीत दिलेलं असतं. ज्यांना फॉर्मची किंवा निधीची आतली बाजू माहीत आहे त्यांनी भर घाला.

केदार_पी

फॉर्मबद्दल लिहितो, कारण बाद होणारे बरेच फॉर्म पगाराच्या रकान्यात चुकतात.

ग्रॉस लिहायचं. कर, आरोग्यविमा, ४०१के (निवृत्तीची बचत) कापण्याआधीची रक्कम. बँकेत जमा होते ती नाही. याउलट स्वतःचा धंदा असेल तर खर्च वजा जाता राहिलेलं निव्वळ उत्पन्न. आणि सध्याचं उत्पन्न, गेल्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नमधलं नाही. भारतात आईवडिलांना पाठवता ते पैसे वजा होत नाहीत. भारतातल्या फ्लॅटचं भाडं मिळत असेल तर ते उत्पन्नात धरायचं.

मग वारंवारतेचा रकाना. इथेच खरा घोळ होतो. "दर दोन आठवड्यांनी" आणि "महिन्यातून दोनदा" हे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिल्याला २६ ने गुणतात, दुसऱ्याला २४ ने. चार माणसांचं घर आणि चेकवर ग्रॉस २,३०० असं धरा. महिन्यातून दोनदा असेल तर वर्षाचे ५५,२०० होतात, म्हणजे रिड्यूस्ड. तेच चुकून "दर दोन आठवड्यांनी"वर खूण केली तर ५९,८०० होतात आणि ५९,४७८ च्या मर्यादेबाहेर जाऊन अर्ज नामंजूर. ३२२ डॉलरसाठी, आणि तेही प्रत्यक्षात न मिळालेल्या. पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) "पे पिरियड" छापलेला असतो. १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर अशा तारखा असतील तर महिन्यातून दोनदा. दर वेळी बरोबर १४ दिवसांचं अंतर असेल तर दर दोन आठवड्यांनी.

घरात सगळ्यांच्या उत्पन्नाची वारंवारता एकच असेल तर वर्षाचं गणित करायची गरजच नाही, त्याच वारंवारतेच्या मर्यादेशी ताडून बघतात. चार माणसांसाठी रिड्यूस्डची मर्यादा महिन्याला ४,९५७ आणि दर दोन आठवड्यांना २,२८८. वेगवेगळ्या वारंवारतेचे पगार असले की सगळं वार्षिक करून बेरीज.

माणसं मोजताना तान्हं बाळही धरायचं. कॉलेजला बाहेरगावी राहणारं पण तुमच्यावर अवलंबून असलेलं मूलही धरायचं. अजून जन्माला न आलेलं बाळ नाही. एका डिस्ट्रिक्टमधली सगळी भावंडं एकाच फॉर्मवर, शाळा वेगळ्या असल्या तरी.

दूधभात

दोन शंका. बायको एच-४ वर, तिला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही. आणि असिस्टंटशिपमध्ये (विद्यापीठात शिकता शिकता केलेल्या कामात) ट्यूशन माफ होते, ती रक्कम उत्पन्नात लिहायची का?

केदार_पी

एसएसएन फक्त फॉर्मवर सही करणाऱ्या प्रौढाचा लागतो, तोही शेवटचे चार आकडे. ज्याच्याकडे आहे त्याने सही केली की झालं. कुणाकडेच नसेल तर "एसएसएन नाही" या चौकटीत खूण करायची. चार आकडे नाहीत आणि खूणही नाही, असा फॉर्म अपूर्ण म्हणून परत येतो. सही राहिली तरी तेच. घरातल्या इतरांचे नंबर विचारतच नाहीत.

असिस्टंटशिपचा स्टायपेंड हा कामाचा मोबदला, तो धरायचा. शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली स्कॉलरशिप किंवा माफ झालेली ट्यूशन धरायची नाही.

स्वातीएम

व्हिसाची भीती बाळगून फॉर्म न भरणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी. फॉर्मवर इमिग्रेशन स्टेटस विचारलेलं नसतं. १९९६ च्या कायद्यात स्पष्ट आहे की ज्या मुलाला सरकारी शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे त्याला शाळेतलं जेवण नागरिकत्व न बघता मिळतं. पब्लिक चार्जचं, म्हणजे सरकारी मदतीवर राहील म्हणून ग्रीन कार्ड नाकारण्याच्या नियमाचं म्हणाल, तर २०१९ च्या कडक नियमातसुद्धा शाळेतलं जेवण धरलेलं नव्हतं, २०२२ च्या नियमातही नाही.

हिशेबनीस

निधीची बाजू. अनघा यांनी ४० सेंटचं लिहिलं आहे ते बरोबर, पण राज्याचा खर्च कुठे उडी मारतो हे समजल्याशिवाय विधिमंडळात हा विषय इतका का अडतो ते कळत नाही.

रिड्यूस्ड मुलासाठी राज्याला जेवणामागे ४० सेंट पडतात, वर्षाला ७२ डॉलर. उत्पन्न १८५ टक्क्यांच्या वर एक डॉलर गेलं की तेच मूल केंद्राच्या लेखी पेड. आता केंद्र ४४ सेंट देतं आणि ते जेवण मोफत द्यायचं तर राज्याला ४.६० वजा ०.४४, म्हणजे ४.१६ डॉलर भरावे लागतात. वर्षाला ७४८.८० डॉलर. दहापटीहून जास्त. म्हणून "रिड्यूस्ड काढून टाका" हा ठराव कमी पैशांत होतो आणि बरीच राज्यं तिथेच थांबतात. न्यू जर्सी २२४ टक्क्यांपर्यंत जाते तेव्हा तिचा मुख्य खर्च १८५ ते २२४ या पट्ट्यावर होतो, ४० सेंटवर नाही.

हेच गणित उलट्या बाजूने बघा, म्हणजे धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर मिळेल. सगळ्यांना मोफत देणाऱ्या राज्यात रिड्यूस्डला पात्र असलेल्या घराने फॉर्म भरला नाही, तर शाळा ते जेवण पेड म्हणून क्लेम करते. केंद्राचे ४.२० च्या ऐवजी ४४ सेंट येतात. जेवणामागे ३.७६ डॉलर बुडाले, १८० दिवसांत ६७६.८० डॉलर. फ्रीला पात्र असलेलं मूल असेल तर ७४८.८०. हा फक्त दुपारच्या जेवणाचा हिशेब, नाश्ता वेगळा. मुलाला ताट मिळालंच, त्यामुळे घरी काही जाणवत नाही. पण केंद्राने द्यायचा पैसा राज्याला आपल्या तिजोरीतून घालावा लागतो. अशी काही हजार घरं झाली की अंदाजपत्रकात भोक पडतं आणि मग योजनेवरच कुऱ्हाड येते.

कोलोरॅडोत नेमका खर्चाचा अंदाज चुकला. २०२२ मध्ये मतदारांनी ३ लाख डॉलरच्या वर उत्पन्न असणाऱ्यांच्या वजावटीला मर्यादा घालून योजना मंजूर केली. मुलं अपेक्षेपेक्षा जास्त जेवली, पैसे कमी पडले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा मतदान घेऊन त्याच उत्पन्नगटाच्या वजावटी आणखी आवळाव्या लागल्या. मॅसॅच्युसेट्सकडे १० लाखांवरच्या उत्पन्नावरचा ४ टक्के अधिभार आहे, त्यातून योजनेला पैसा मिळतो. ज्या राज्यात असा बांधलेला स्रोत नाही आणि दर अंदाजपत्रकात ठरावीक रक्कम टाकली जाते, तिथे डिस्ट्रिक्टने एक गोष्ट आधीच विचारून ठेवावी: रक्कम एप्रिलमध्ये संपली तर उरलेल्या महिन्यांचे ४० सेंट कोण भरणार? काही ठिकाणी परतावा प्रमाणात कापतात, आणि तो खड्डा शाळेच्या जेवणखात्यात राहतो.

राज्यांवरची केंद्राची सक्ती किती जुनी आहे तेही बघण्यासारखं आहे. राज्याने स्वतःच्या महसुलातून घालायची किमान रक्कम १९८०-८१ साली मिळालेल्या केंद्रीय निधीच्या ३० टक्क्यांवर बांधलेली आहे, गरीब राज्यांना त्याहून कमी. त्यानंतर भाव कुठे गेले! त्यामुळे राज्य जे काही खरंखुरं देतं ते स्वतःच्या इच्छेने, आणि इच्छेने दिलेला पैसा काढूनही घेता येतो.

ओवी_टेक्सास

आमच्या शाळेत फॉर्मच येत नाही, सगळ्यांना मोफत आहे. राज्य तर देत नाही. मग हे कुणाच्या पैशांतून?

हिशेबनीस

ती सीईपी असणार, कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन. तिथे फॉर्म घेतच नाहीत. स्नॅप (अन्नखरेदीची सरकारी मदत), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) वगैरे याद्यांवरून जी मुलं थेट पात्र ठरतात त्यांची टक्केवारी काढतात. ती किमान २५ असावी लागते, ऑक्टोबर २०२३ आधी ४० लागायची. त्या टक्केवारीला १.६ ने गुणलं की जितके टक्के येतील तितक्या जेवणांना फ्रीचा दर मिळतो, उरलेल्यांना पेडचा.

थेट पात्र मुलं ४० टक्के असतील तर ६४ टक्के जेवणं फ्रीच्या दराने. १०० ताटांमागे ६४ गुणिले ४.६० अधिक ३६ गुणिले ०.४४, म्हणजे ३१०.२४ डॉलर. १०० ताटं फ्रीच्या दराने गेली असती तर ४६० मिळाले असते. हा १४९.७६ चा फरक शाळा, डिस्ट्रिक्ट किंवा राज्य यांच्यापैकी कुणाला तरी भरून काढावा लागतो. ६२.५ टक्क्यांना मात्र पूर्ण १०० टक्के फ्री दर मिळतो. २५ टक्क्यांवर फक्त ४० टक्के ताटांना फ्री दर मिळत असल्याने, राज्याची मदत नसेल तर पात्र असूनही बऱ्याच शाळा सीईपी घेत नाहीत. मोफत देणारी अनेक राज्यं शाळांना आधी सीईपी घ्यायला लावतात आणि उरलेलंच स्वतः भरतात, ते याच कारणाने.

एक धोका समोर आहे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने स्नॅपच्या अटी कडक झाल्या. स्नॅपमधून घरं गळली की थेट पात्र मुलांची टक्केवारी उतरते, आणि १.६ च्या गुणाकारामुळे शाळेचा तोटा त्याहून वेगाने वाढतो. सीईपीचं चक्र चार वर्षांचं असतं, म्हणून हा फटका लगेच दिसणार नाही, नूतनीकरणाच्या वर्षी दिसेल.

मेघा_कुलकर्णी_एसजे

मूल रिड्यूस्डमध्ये मंजूर आहे, राज्य वाटा भरतं, तरी खात्यातून पैसे कापले जातात. घरून पोळीभाजीचा डबा नेतो आणि शाळेत फक्त दूध घेतो. दूध जेवणात येत नाही का?

स्वातीएम

नुसतं दूध म्हणजे जेवण नाही, ते सुटी विक्री म्हणून लागतं आणि सवलत किंवा राज्याचा पैसा त्याला लागू होत नाही. हे आपल्या घरांत सर्रास होतं, कारण डबा घरचा असतो.

परताव्याला पात्र ताट कसं बनतं ते मुलालाच शिकवून ठेवा. दुपारच्या जेवणात पाच घटक मांडलेले असतात: फळ, भाजी, धान्य, मांस किंवा त्याला पर्याय, आणि दूध. बहुतेक शाळांत मुलाने त्यातले किमान तीन उचलायचे असतात आणि त्यात अर्धा कप फळ किंवा भाजी असलीच पाहिजे. तर सफरचंद, दूध आणि गाजराच्या कांड्या घेतल्या तरी ते तीन घटकांचं पूर्ण जेवण होतं आणि मोफत लागतं. पुढे घरचा डबा खायला कुणाची हरकत नसते. तेच दूध आणि ब्रेडरोल घेतला तर फळ-भाजी नाही म्हणून ताट अपूर्ण, आणि दोन्ही वस्तूंचे सुटे पैसे कापले जातात. गल्ल्यावरची बाई "एक फळ घे" म्हणते ती यासाठीच. मुलं लाजून "नो, थँक यू" म्हणतात आणि खात्यातून पैसे जातात.

शाकाहारींसाठी: बीन्स, चीज, दही, टोफू, अंडं, पीनट बटर हे सगळे मांसाला पर्याय म्हणून धरले जातात. पण आवड किंवा धर्म म्हणून वेगळं ताट देणं शाळेवर बंधनकारक नाही, बऱ्याच शाळा देतात ही त्यांची चांगली गोष्ट. अ‍ॅलर्जी किंवा आजार असेल आणि रोजच्या जेवणात बदल हवा असेल तर मात्र डॉक्टरची किंवा नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची लेखी सही द्या, मग तो बदल करून देणं शाळेचं कर्तव्य ठरतं. कागदावर तीन गोष्टी हव्यात: काय टाळायचं, शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, आणि त्याऐवजी काय द्यायचं. "नट अ‍ॅलर्जी" एवढंच लिहिलं की स्वयंपाकघरातून फोन येतो आणि आठवडा जातो.

दुसरं ताट हवं असेल तर तेही सवलतीत येत नाही. दिवसाला एक जेवण, एक नाश्ता.

विनय_आर

जिथे राज्य वाटा भरत नाही तिथल्या पालकांनी ऑनलाइन भरणा करताना फीकडे बघा. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२४ मध्ये याची पाहणी केली होती. दर व्यवहाराला ठरावीक फी असते, आणि कमी पैसे असलेली घरं थोडे थोडे भरतात, त्यामुळे रिड्यूस्डवाल्यांची फी काही वेळा डॉलरमागे ६० सेंटपर्यंत जाते असं त्यात निघालं. ४० सेंटच्या जेवणाला इतकी फी! केंद्रीय कृषी खात्याने २०२७-२८ पासून फ्री आणि रिड्यूस्ड घरांकडून अशी फी घ्यायला बंदी ठरवली आहे. तोपर्यंत रोख किंवा चेक द्या. बिनफीचा एक मार्ग ठेवणं शाळेला आजही बंधनकारक आहे. नाहीतर सत्राचे ३६ डॉलर एकदाच भरा, म्हणजे फी एकदाच पडेल.

जयश्री_डी

महाराष्ट्रात शालेय पोषण आहाराला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पहिली ते आठवी सरकारी आणि अनुदानित शाळेत जे मूल येईल त्याला ताट मिळतं. मग इथे एवढी कागदपत्रं कशासाठी? तिथे राज्याचा वाटा कसा ठरतो हे कुणी सांगेल का, तुलनेसाठी?

हिशेबनीस

तिथे मुलांचे गट उत्पन्नावर नाहीत, इयत्तेवर आहेत. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि ७.५ ग्रॅम. धान्य केंद्राकडून मोफत. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांचा खर्च १ मे २०२५ पासून प्राथमिकला ६.७८ आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये, केंद्र ६० आणि राज्य ४०. म्हणजे राज्याचे २.७१ आणि ४.०७ रुपये. हा किमान वाटा, राज्य वरून जास्त घालू शकतं.

आणि वरून घातलेला पैसा कसा जातो याचं उदाहरणही तिथलंच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखरेचा निधी थांबला आणि ते लोकसहभागावर सोडलं. मूळ ताट कायद्याने बांधलेलं म्हणून टिकलं, अंडं राज्याच्या मर्जीचं होतं म्हणून गेलं. अमेरिकेत हे ४० सेंट त्या अंड्याच्या जागी आहेत. माझ्या मते दोन्हीकडे मागणी एकच हवी: वरचा पैसा दरवर्षीच्या तरतुदीवर न ठेवता कायद्यात, प्रत्येक ताटामागे इतका दर असा लिहून घ्यावा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर आलंच आहे: इथे केंद्राचा दरच मुलाच्या गटावर ठरतो, म्हणून कागद.

अनघा_जे

मोफत राज्यांतल्या पालकांसाठी फॉर्मची आणखी कारणं. कॅलिफोर्नियात शाळांना मिळणारा राज्याचा निधीच कमी उत्पन्नाच्या मुलांच्या संख्येवर वाढतो, तिथे हाच किंवा यासारखा उत्पन्नाचा फॉर्म मोजतात. ज्या राज्यांनी उन्हाळ्याचा ईबीटी (सुट्टीत अन्नखरेदीसाठी कार्डवर मिळणारी मदत) स्वीकारला आहे तिथे पात्र मुलामागे सुट्टीत १२० डॉलर मिळतात. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीच्या विषयांची) परीक्षेच्या फीत सूट फ्री-रिड्यूस्डच्या पात्रतेवर मिळते. सीईपी शाळेत फॉर्म नसतो म्हणून उन्हाळ्याच्या ईबीटीसाठी वेगळा अर्ज करावा लागू शकतो, मे महिन्यात शाळेला विचारा.

सुधीर_बी

व्हेरिफिकेशनचं पत्र आल्यावर काय करायचं? ऑक्टोबरमध्ये आलंय, पे-स्टब मागतात. काही चुकलं म्हणून आलं का?

केदार_पी

चुकलं म्हणून नाही. १ ऑक्टोबरला मंजूर असलेल्या अर्जांपैकी साधारण ३ टक्के प्रत्येक डिस्ट्रिक्टला तपासावेच लागतात आणि ते १५ नोव्हेंबरच्या आत संपवावं लागतं. निवड करताना आधी मर्यादेच्या जवळचे अर्ज घेतात, म्हणजे ज्यांचं उत्पन्न मर्यादेपासून महिन्याला १०० डॉलरच्या आत आहे. रिड्यूस्डच्या काठावरची घरं त्यामुळे जास्त सापडतात.

काय द्यायचं: अर्जाच्या आधीच्या महिन्यापासून पत्र येईपर्यंतच्या काळातला कुठलाही पे-स्टब चालतो, फॉर्मवर लिहिलेल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा. ग्रॉस आणि वारंवारता दोन्ही दिसली पाहिजेत. स्टबवर वारंवारता नसेल तर एचआरकडून दोन ओळींचं पत्र घ्या.

पत्राकडे दुर्लक्ष करू नका, बाद होणारी बरीच घरं उत्पन्न जास्त निघाल्याने नाही तर उत्तर न दिल्याने बाद होतात. सवलत काढण्याआधी १० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते आणि त्या मुदतीत अपील केलं तर निकालापर्यंत सवलत चालू राहते. बाद झालात तरी कागद घेऊन नंतर पुन्हा अर्ज करता येतो.

दूधभात

वर्षाच्या मध्येच पगार वाढला तर कळवायचं का? आणि उलट, नोकरी गेली तर ऑगस्ट उलटल्यावर फॉर्म घेतात का?

केदार_पी

मंजुरी पूर्ण शालेय वर्षासाठी असते, वर पुढच्या वर्षाचे पहिले ३० शालेय दिवस. मध्ये पगार वाढला तर कळवायची गरज नाही. पण ते ३० दिवस संपायच्या आत नवा फॉर्म गेला पाहिजे. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये अचानक पूर्ण किंमत कापली जायला लागते ती यामुळेच. जुन्या मंजुरीवर मूल जेवत असतं आणि घरी वाटतं सगळं सुरळीत आहे.

नोकरी गेली, तास कमी झाले, घरात माणूस वाढलं, तर वर्षात कधीही फॉर्म भरा. डिस्ट्रिक्टला १० शालेय दिवसांत निर्णय द्यावा लागतो. काही डिस्ट्रिक्ट मंजुरी फॉर्म मिळाल्याच्या तारखेपासून लावतात, काही निर्णयाच्या तारखेपासून. दोन्ही नियमात बसतं, म्हणून फॉर्म देतानाच "मिळाल्याच्या तारखेपासून लावाल का" असं विचारा. मधल्या ८-१० ताटांची पूर्ण किंमत त्याने वाचते. त्याआधी साचलेली उधारी मात्र माफ होत नाही. ती बुडीत गेली तर शाळेला जेवणाच्या केंद्रीय खात्यातून भरता येत नाही, डिस्ट्रिक्टच्या सर्वसाधारण निधीतून किंवा देणगीतून भरावी लागते. मोठी झाली असेल तर फूड सर्व्हिसच्या ऑफिसात हप्ते मागा, प्रत्येक डिस्ट्रिक्टकडे उधारीचं लेखी धोरण असावंच लागतं, ते मागून वाचा.

सुधीर_बी

स्टब आणि एचआरचं पत्र आज दिलं. पत्रात "सेमी-मंथली" असं स्पष्ट लिहून घेतलं आहे. फॉर्मवर चुकून "दर दोन आठवड्यांनी" खूण झाली होती, ती तिथेच दुरुस्त करून दिली.